उजव्या चाकामागचं लिंबू

आमच्या घरी शुक्रवारची संध्याकाळ लिंबू-मिरचीची असायची. बुवापाड्यातली आमची खोली म्हणजे पुढे ओटा, मागे मोरी आणि मध्ये जे काय उरेल ते घर. दिवेलागणीच्या आधी आई पोतं अंथरायची, ताटात लिंबं, सुपात मिरच्या घ्यायची आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून जाड सुई काढायची. एक लिंबू, सात मिरच्या, खाली कोळशाचा खडा. ओवायचं ते काळ्या सुती दोऱ्यात, दुसऱ्या कशात नाही. वरच्या टोकाला ती बोटभर फास ठेवायची आणि गाठ अशी मारायची की सोडवायला बसलं तर नखं दुखतील. मिरच्या ओवायचं काम माझ्याकडे असायचं. बोटं पेटायची, आणि विसरून डोळ्याला हात लागला की मी मोरीकडे धावायची. मग आई माझ्या बोटांना खोबरेल चोळायची आणि तोंडानं चालूच असायचं, "डिप्लोमा करत्येय म्हणे. मिरची कुठून धरायची ते कळत नाही." तिकडे चुलाण्यावर सुकटीचं कालवण रटरटत असायचं आणि भाकऱ्यांसाठी तांदळाची उकड झाकून ठेवलेली असायची. आजही मिरचीचे देठ खुडताना मला सुकटीचा वास येतो, आणि मग दुसरं जे आठवतं ते आठवू नये म्हणून मी रेडिओ लावते.

या लिंबांचा आई व्यापार करत नव्हती. एक घराच्या दाराला, एक बाबांच्या गॅरेजच्या शटरला आणि बाकीची त्या आठवड्यात बाबांच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांना. त्याला कारण होतं. मी चौथीत असताना बाबांनी ब्रेक दुरुस्त केलेला एक टेम्पो उतारावर उलटला होता. ड्रायव्हर प्यायलेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं, पोलिसांनीही तेच लिहिलं. पण बाबा दोन दिवस जेवले नाहीत. सारखे आपल्या हातांकडे बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी आईनं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "तुमच्या हातात आहे ते तुम्ही करा. बाकीचं मी बघते." त्या शुक्रवारपासून लिंबं सुरू झाली. देवाधर्माची आईला फार हौस होती असं नाही. उपास तर ती एकही धड करत नसे. पण हे एक काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं आणि गॅरेजमध्ये तिचा वाटा तेवढाच, असं ती धरून चालली होती.

गॅरेज उल्हासनगरात होतं, पाच नंबर कॅम्पात. एका बाजूला मोटर वाइंडिंगवाला, दुसऱ्या बाजूला सोफ्याच्या स्प्रिंगा वळणारा. दिवसभर स्प्रिंगांचा टंण टंण आवाज आणि वार्निशचा वास. बाबांचं सगळं काम कानावर आणि तळव्यावर चालायचं. बॉनेटवर हात ठेवून ते सांगायचे, तीन नंबरचा प्लग गेलाय. ब्रेकचं काम झालं की त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं, गाडी नाक्यापर्यंत न्यायची आणि रस्ता मोकळा बघून एकदा कचकन थांबवायची. याला ते 'ब्रेक दाखवणं' म्हणायचे. गिऱ्हाईक पुढे हिंदकळून मागे आलं की बाबा म्हणायचे, "बघितला ना? आता तुम्ही आणि तुमची गाडी." ब्रेक दाखवल्याशिवाय त्यांनी एकाही गाडीची चावी दिली नाही.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला फार अक्कल आली होती. कॉलेज सुटलं की मी गॅरेजवर जायची. बाबांनी कुठूनतरी एक जुना स्कॅनर आणला होता, गाडीला लावला की बिघाडाचा नंबर सांगणारा. तो फक्त मलाच वापरता यायचा. "आमची वैशू कॉम्प्युटर लावते," हे वाक्य बाबा दिवसातून चारदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. मला ते आवडायचं, आणि त्याच वेळी त्यांच्या ग्रीसच्या बनियनची, शटरला लटकणाऱ्या मिरच्यांची लाज वाटायची. वीस वर्षांची मुलगी एकाच वेळी किती गोष्टींची लाज बाळगू शकते याला मर्यादा नाही.

हरेशशेठची गाडी आली ती अशा दिवसांत. शेठचं चार नंबरात पडद्याच्या कापडाचं दुकान होतं. बाबांचं त्यांचं जुनं नातं, शेठच्या पहिल्या स्कूटरपासूनचं. आता त्यांनी चंदेरी रंगाची लांबडी गाडी घेतली होती. ब्रेक जोरात दाबला तरी चाकं घसरू नयेत म्हणून त्या गाडीच्या प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर होता. आमच्या शटरात अशी ती पहिलीच. शेठनं पुढचे ब्रेक पॅड बदलायला म्हणून आणली होती, पण जाताना बोलून गेले, "तुकाराम, आमच्या घरात अशा पाच गाड्या आहेत. भाऊ बोलतात, जुना मिस्त्री आहे, नवी गाडी त्याला जमणार नाही. तू जमवून दाखव, सगळ्या तुझ्याकडे." बाबा अठ्ठावन्नचे होते. आजूबाजूची जुनी गॅरेजं एकेक करून पंक्चरच्या दुकानावर आली होती. नवी गाडी जमली तर गॅरेज राहील, नाहीतर नाही, हे आम्हाला तिघांनाही न सांगता कळत होतं.

पॅड बदलले, बाबांनी ब्रेक दाखवला, शेठ खूश झाले. आणि गाडीत बसताना त्यांना नंबर प्लेटखाली आईचं लिंबू दिसलं. "अरे साईं, ये गाडी में सब्जी मंडी किसने खोली?" म्हणून ते पोट हलवत हसले. चेष्टाच होती. बाबाही हसले. पण वाइंडिंगवाल्याकडे आमच्या कॉलेजातली दोन मुलं उभी होती, तीही हसली. माझे कान तापले. शेठ गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "आईला सांगा ना हे बंद करायला. लोक काय म्हणतील?" बाबा म्हणाले, "काय म्हणतील? लिंबू आहे म्हणतील." आणि ते गाडीखाली शिरले.

पुढच्या शनिवारी शेठची गाडी पुन्हा आली, ऑइल बदलायला. एरवी दुपारी डबा घेऊन येणारी आईच लिंबं बांधायची, पण त्या दिवशी तिनं सकाळीच डब्याबरोबर नवं लिंबू माझ्याकडे दिलं होतं आणि बजावलं होतं, "शेठच्या गाडीला विसरू नकोस. पहिलीच नवी गाडी आहे." फेकून द्यायची माझी हिंमत झाली नाही. आई संध्याकाळी विचारणारच होती, आणि खोटं बोललं की माझा चेहरा पडायचा. तर मी एक तोड काढली. शटरमागे खिळ्याला बायंडिंग तारेचं रीळ असायचं, सायलेन्सर बांधायला वापरायचो ती बारीक लोखंडी तार. पुढच्या उजव्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आत एक काळं प्लास्टिक असतं. त्याच्या फटीतून मी हात घातला. दोरा आखूड पडत होता म्हणून कापून टाकला आणि लिंबू तारेनं आतल्या एका काळ्या केबलला आवळून बांधलं. बांधलं म्हणजे बांधलं, कुणाला दिसत नाही, विषय संपला. ती केबल कसली आहे हे मी बघितलं नाही. पेपरात याच सेन्सरची आकृती काढून मी पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

दहाएक दिवसांनी शेठचा फोन आला. समोरच्या काट्यांमध्ये ब्रेकचा पिवळा दिवा लागतो आणि आपोआप जातो. मी ऐटीत स्कॅनर लावला. पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरची खबर मध्येच तुटते, असं निघालं. बाबांनी चाक खोलून सेन्सर काढला, फडक्यानं पुसला, परत बसवला. मी मल्टिमीटर लावला, आकडा बरोबर. बाबांनी नाक्यापर्यंत ब्रेक दाखवला, एकदम चोख. तीन दिवसांनी गाडी परत. पुन्हा तेच. जॅकवर घेतली की बरी, सरळ रस्त्यावर बरी, शेठच्या हातात गेली की दिवा. लहान मूल डॉक्टरसमोर खोकत नाही, त्यातला प्रकार. बाबा जेवताना घास हातात धरून विचार करत बसायला लागले. "सेन्सर चांगला, पॅड चांगले, मग मी कुठे चुकलो?" असं आईला विचारायचे. आईला त्यातलं काय कळणार? ती म्हणायची, "वैशूला विचारा की, ती शिकलीय."

मला तेव्हा लिंबू आठवलं का? मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की नाही आठवलं. ते आता खरंच वाटायला लागलंय, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही.

मग ते घडलं. शेठ आपल्या म्हाताऱ्या आईला दरबारात, म्हणजे त्यांच्या देवळात, दर्शनाला घेऊन चालले होते. वळणावर केळ्यांची एक हातगाडी आडवी आली. त्यांनी ब्रेक दाबला तर पायाखाली पेडल गुरगुरलं आणि गाडी थांबायच्या जागी न थांबता चार हात पुढे जाऊन हातगाडीला टेकली. केळी रस्त्यावर सांडली. हातगाडीवाला वेळीच बाजूला झाला, पण म्हातारीचं कपाळ समोर आपटलं आणि चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी शेठ गाडी घेऊन आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुकाराम, अम्मा बोलली, तुझ्यावर रागवू नको. पण भाऊ बरोबर बोलत होते." बाबांनी चावी घेतली आणि स्वतःचे तळवे पँटला पुसले. मग मला म्हणाले, "वैशू, माझ्या हाताला आता कळत नाही. शेठची गाडी दुसरीकडे जाऊ दे. शटर भाड्यानं देऊ." टेम्पो उलटला तेव्हा ते जसे हातांकडे बघत होते, तसेच परत बघायला लागले.

मी म्हटलं, "बाबा, एक तास द्या." आणि पहिल्यांदा शहाण्यासारखा प्रश्न विचारला, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: शेठ, दिवा नक्की कुठे लागतो? शेठला सांगता येईना. मग त्यांना आठवलं, "अम्मा बोलते, दरबारकडे वळलो की लागतो. मी बोललो, अम्मा, तिथे देव आहे म्हणून काय दिवा लावणार?" दरबारकडचं वळण म्हणजे स्टिअरिंग पार उजवीकडे. आमच्या तपासण्या सगळ्या चाक सरळ ठेवून. बाबांचा ब्रेकही सरळ रस्त्यावरचा. मी बॉनेटखाली सेन्सरची जोडणी सोडवून मीटरच्या पिना लावल्या आणि बाबांना गाडीत बसवून सांगितलं, सावकाश फिरवा. डावीकडे पार नेलं, आकडा हलला नाही. उजवीकडे अर्धं, नाही. उजवीकडे पूर्ण, आणि आकडा नाहीसा झाला. थोडं मागे घेतलं, परत आला. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. केबल कुठेतरी ओढली जात होती आणि आतून तुटत होती. मला इतका आनंद झाला की मी हसत हसतच चाकाजवळ बसले, बॅटरी धरली आणि प्लास्टिकच्या फटीतून हात घातला.

बोटांना आधी मिरचीचे वाळके देठ लागले. मग सुकून कडक झालेलं लिंबू. मग तार.

माझी तार केबलच्या रबरात रुतली होती. चाक उजवीकडे वळलं की केबल ताणली जायची, प्रत्येक वळणाला तार थोडी आत कापत गेली होती, आणि चिरेत लिंबाचा रस उतरून आतल्या तांब्याला हिरवा कीट चढला होता. तांब्याच्या दोन-तीन तारा तेवढ्या शिल्लक. वळणावर त्या एकमेकींपासून सुटायच्या, गाडीला वाटायचं ते चाक घसरतंय, आणि ती बिचारी त्या चाकाचा ब्रेक सैल सोडायची. दोष इतका स्वच्छ होता की परीक्षेत लिहिता आला असता. मी पक्कडीनं तार कापून ते सगळं तळहातावर घेतलं आणि बाहेर आले. बाबा गाडीतून उतरले होते. शेठ वाकून बघत होते. आणि त्याच वेळेला हातात डब्याची पिशवी घेऊन आई गल्लीतून येत होती, नेहमीसारखी, पदर डोक्यावर, पिशवीतून नव्या लिंबाचा काळा दोरा बाहेर डोकावत.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं.

मी म्हणाले, "आईचं लिंबू."

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लिंबू आईचंच होतं. आजवर मी जे काही खोटं बोलले असेन, ते सगळं त्या दोन शब्दांपुढे किरकोळ आहे. मी न थांबता पुढचं वाक्य बोलले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. मी पुढचं वाक्य बोलले नाही. उलट हात थोडा पुढे केला, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून.

शेठ म्हणाले, "भाभी, ये क्या किया? मेरी अम्मा का सर फूटा." मी जन्मात बाबांना आईवर ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी स्प्रिंगवाल्याचं टंण टंण थांबलं इतक्या जोरात ते ओरडले. "किती वेळा सांगायचं, गाड्यांना हात लावायचा नाही? आजपासून हे थेर इथे आणायचे नाहीत." खरं म्हणजे त्यांनी तिला एकदाही तसं सांगितलेलं नव्हतं. आई जवळ आली. तिनं माझ्या तळहाताकडे बघितलं. लिंबाकडे बघितलं, तारेकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग माझ्याकडे. मी मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. आई शेठकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, "चुकलं माझं, शेठ. अम्मांना सांगा, तुकारामच्या बायकोचं चुकलं. ह्यांच्या हाताचा दोष नाही." मग तिनं पिशवीतलं नवं लिंबू डब्याखाली खोल सारलं, डबा बाकावर ठेवला आणि रिक्षा न करता चालत गेली.

केबल बदलून झाल्यावर बाबा शेठना शेजारी बसवून निघाले, ते थेट दरबारच्या वळणावर. पार उजवीकडे वळवून त्यांनी ब्रेक दाखवला. परत आले तेव्हा शेठ हसत होते. पाचही गाड्या आमच्याकडे आल्या, गॅरेज पुढे बरीच वर्षं चाललं. "कंपनीवाल्यांना सापडलं नसतं, पोरीनं एका तासात पकडलं," हे शेठनी कॅम्पभर सांगितलं. वाइंडिंगवाल्यानं मला पेढा दिला आणि मी तो खाल्ला.

संध्याकाळी घरी आले तर आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. दाराच्या चौकटीला कालचं लिंबू लटकत होतं. काळा दोरा, बोटभर फास, नखं दुखवणारी गाठ. ते बघितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आई तारेनं कधीच बांधत नाही, तिच्याकडे तार नाहीच. तिला माझ्या तळहातावरच सगळं कळलं होतं. मी उंबऱ्यात उभी राहिले. ती म्हणाली, "पाय धू. चहा ठेवते." पुढच्या शुक्रवारी सुई डब्यातून निघाली नाही. आणलेल्या लिंबांचं तिनं गोड लोणचं घातलं, आणि ते फार चांगलं झालं होतं. रोज ताटात ती मला त्याची फोड वाढायची. बरणी संपेपर्यंत रोज मी ठरवायची, आज सांगू. मग बरणी संपली.

आता बाबा माझ्याकडे असतात, चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये. ऐकू कमी येतं, पण गाडीत बसले की मान किंचित तिरकी करून इंजिन ऐकतात. आईला जाऊन सात वर्षं झाली. परवा बाबांना डोळे तपासायला बदलापूरला नेत होते. वळणावर एक माणूस गाड्यांना विकायला लिंबू-मिरच्या घेऊन उभा होता. बाबा काचेतून बघत राहिले आणि म्हणाले, "तारेत ओवलंय. तुझी आई कधी तारेत ओवायची नाही."

माझा पाय ब्रेकवर गेला. मी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"शटरमागच्या रिळातली तार मला ओळखू येणार नाही होय?"

"मग आईवर का ओरडलात?"

"गिऱ्हाईक समोर होतं. तुझं नाव घ्यायचं नव्हतं. म्हणून मग जे ओरडायचं ते तिच्यावर ओरडलो. नंतर खरं सांगायला तोंड उघडलं तर तिनं डोळ्यांनी मला गप्प केलं." त्यांनी तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "रात्री तिच्या पाया पडायला गेलो तर म्हणाली, जाऊ दे, पोर आहे, आज ना उद्या येऊन सांगेल मला."

"आणि?"

"आणि काय. वाट बघत होती. दवाखान्यातसुद्धा तू आत आलीस की मला म्हणायची, तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा. तुला वाटायचं तिला माझा कंटाळा आलाय."

मला खरंच तसं वाटायचं. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसायची, मोसंबी सोलायची, डॉक्टर काय म्हणाले ते सांगायची, गॅरेजचं, शेजाऱ्यांचं, सगळं सांगायची. ती माझ्या तोंडाकडे बघत असायची. मोसंबी संपली की मी उठायची.

आई, ते लिंबू मी बांधलं होतं. दोरा कापून, तारेनं.